गाडी नेमकी कशासाठी

४ फेब्रुवारी

भिंगरे,

तुला एक आजी आहे. विसरली असशील म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकते. ठेंगणी, डाव्या गालावर तीळ, लिहिता-वाचता येत नाही पण बोलायला लागली की थांबत नाही, ती. आठवली असेल तर पुढे वाच. नसेल तर हे पत्र तिथल्या एखाद्या बिनआजीच्या मुलीला देऊन टाक, तिला उपयोग होईल.

अक्षर आपल्या समोरच्या शिंपीणबाईंचं आहे. दुपारी त्यांच्याकडे गिऱ्हाईक नसतं. मी कापायच्या टेबलाशी बसून बोलते, त्या लिहितात. मधेच विचारतात, आजी, हे वाक्य फार लांबलं, इथे कात्री लावू का? मी म्हणते, लावा, पण जोड दिसता कामा नये.

तर बातमी अशी की आपली गाडी पुन्हा उभी करतोय. तू गेल्यापासून दोन वर्षं ती मागच्या अंगणात ताडपत्रीखाली होती. मांजरीने तिच्यात दोन बाळंतपणं काढली. मग परवा मिस्त्री आला आणि म्हणाला, अशाच एका मोडीत निघालेल्या गाडीच्या इंजिनाचा ब्लॉक मिळालाय, धड आहे, चीर नाही. आता इंजिन त्याच्या वर्कशॉपमध्ये स्टँडवर उघडं पडलंय, आणि मिस्त्री हात पुसत मला एकच प्रश्न विचारतोय, "मावशी, गाडी नेमकी कशासाठी हवी?"

मी म्हटलं, चालवायला, लोणचं घालायला नव्हे. तो म्हणाला तसं नाही. शर्यतीला एक इंजिन लागतं, रोज बाजारात जायला दुसरं, आणि दारात उभी करून नुसती पुसायची असेल तर इंजिन लागतच नाही. त्यातलं काय ते सांगा.

शर्यतीसाठी तू जमवलेल्या सामानाचं खोकं मी खाटेखालून काढून त्याला दाखवलं. तो मोठ्या उंचवट्यांचा कॅमशाफ्ट, ते दोन कार्बोरेटर, उंच डोक्याचे पिस्टन. त्याने एकेक वस्तू फडक्याने पुसली, उजेडात धरली, परत ठेवली. माल उत्तम आहे म्हणाला, पण हा घाईत असलेल्या माणसाचा माल आहे. तू तिकडे शर्यतीच्या गाड्यांच्या वर्कशॉपात रोज इंजिनं उघडतेस, तेव्हा तूच कळव, यातलं काय लावायचं आणि काय नाही.

तुझ्या आजोबांना आता काहीच ऐकू येत नाही. पूर्वी अर्धं यायचं, ते अर्धंही गेलं. गाडीची पुढची सीट आम्ही काढून अंगणात भिंतीला टेकवून ठेवलीय, ऊन खायला. तिच्यावर बसून ते दुपारभर प्रवास करतात. डोळे मिटलेले असतात, पाय पेडलवर असल्यासारखे पुढे. मधे मला विचारतात, कुठवर आलो? मी त्यांच्या तळहातावर बोटाने गोल काढते. म्हणजे तळं आलं. मग ते हसतात आणि वेग कमी करतात.

तुझा बाप बरा आहे. गाडीबद्दल बोलत नाही, तुझ्याबद्दलही नाही. बाकी सगळ्यावर बोलतो.

शर्यतीच्या सकाळी तू गाडी काढलीस तेव्हा मी झोपले होते, नाहीतर फाटकापर्यंत आले असते. हे तुला ठाऊक आहेच, तरी लिहायला सांगितलं.

आजी

२७ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं कार्ड पोचलं. मायना नाही, खुशाली नाही, सरळ कॉम्प्रेशनपासून सुरुवात. शिंपीणबाईंनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं, कुठे 'आजी' असं लिहिलंय का. नाही. बरं, तर नाही.

पण लिहिलंस ते सोळा आणे खरं. मिस्त्रीने ते भिंतीवर खिळ्याला लावून ठेवलंय. शर्यतीचा कॅम रस्त्यावरच्या गाडीला लावू नका, इंजिनाच्या खालच्या फेऱ्यांत दम उरत नाही आणि उभी असताना इंजिन लंगडतं. आधी ठरवा गाडी कुठे जाणार, मग माल निवडा. कॅम, कार्बोरेटर, पाइप यांनी एकाच दिशेला ओढलं पाहिजे. आणि सगळ्याआधी ब्रेक.

मग मी ठरवलं. मिस्त्रीला सांगितलं, गाडी तळ्यापर्यंत जाणार आणि परत येणार. पाऊण तासाची वाट, तीही झाडांतून. पळायचं कुठेच नाही. उभी असताना बॉनेटवर पेला ठेवला तर पाणी हलता कामा नये, पण सीटमधून तुझ्या आजोबांच्या पाठीला मात्र कळलं पाहिजे की गाडी जिवंत आहे. मिस्त्री म्हणाला, दोन्ही एकदम कसं व्हायचं? मी म्हटलं, ते मला जमलं असतं तर तुला कशाला बोलावलं असतं.

तेव्हा मूळचाच कॅम राहील, साधे पिस्टन, एकच कार्बोरेटर. व्हॉल्व्हच्या बैठका तेवढ्या नव्या आणि टणक, आताचं पेट्रोल जुन्यांना खातं म्हणे. तुझं खोकं परत खाटेखाली गेलं.

काल दुपारी डोळा लागला आणि मला चक्क गाडीतला वास आला. तापलेल्या रबराचा, सीटच्या आतल्या काथ्याचा. तरुणपणी हे चालवायचे तेव्हा मी यांच्या शेजारी बसत असे, उजवा हात यांच्या गुडघ्यावर. लोकांना वाटे केवढं प्रेम. प्रेम होतंच, पण त्यांना इंजिन नीट ऐकू येत नसे आणि मला येत असे. एक टिचकी म्हणजे गिअर वर टाका, दोन म्हणजे खाली आणा, आणि सबंध तळवा दाबला म्हणजे थांबा, काहीतरी बिघडलंय. चाळीस वर्षं त्यांनी एकदाही उलट विचारलं नाही. मला एबीसीडी येत नाही पण आवाज येतात. टॅपेट म्हणजे शिवणयंत्र, किरकोळ, चालू दे. बेअरिंग म्हणजे तळघरात कोंडलेला माणूस दार ठोकतोय, तिथेच थांबायचं. तू सात वर्षांची असताना तुला फाटकाशी उभं करून मी हेच शिकवलं, डोळे मिटायला लावून.

आता एक दुरुस्ती. त्या सकाळी मी झोपले नव्हते. जागी होते, गाडीचा आवाजही ऐकला होता. काहीतरी वाजत होतं, पण मला वाटलं टॅपेट.

शिंपीणबाई म्हणतात, आजी, टॅपेट म्हणजे मी का? मी म्हटलं, तुमचं यंत्र. लिहा.

आजी

१९ मार्च

भिंगरे,

नव्या कार्डावरची तुझी सही बघून समजलं की हात आता नीट चालतो. शिंपीणबाई म्हणाल्या, रेघ सरळ आहे, थरथर नाही. मोडलेल्या मनगटाचं मी कधी विचारलं नव्हतं. आता विचारलं असं समज.

इंजिनाचं वजन जुळवून आलं. क्रँकशाफ्ट, रॉड, पिस्टन, सगळं शहरातल्या कारखान्यात पाठवलं होतं. तिथे म्हणे प्रत्येक पिस्टन तराजूत घालतात आणि जो जड असेल त्याचं आतून थोडं खरवडतात, चौघे अगदी सारखे होईपर्यंत. मला हे फार आवडलं. घरात कोणी असं करणारं असतं तर किती बरं झालं असतं.

मी यांना वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. इंजिन अजून मुकंच आहे, पण मिस्त्रीने पाना लावून क्रँक हाताने फिरवला आणि यांनी ब्लॉकवर दोन्ही तळवे ठेवले. पिस्टन वर गेले, खाली आले, तेल लावलेल्या भिंतींमधून, काही न बोलता. पत्र्याच्या फटींतून उन्हाचे पट्टे आले होते आणि त्यांत धूळ तरंगत होती. यांचे ओठ हलत होते. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. ते चार आकडे मोजत होते, पुन्हा पुन्हा. फायरिंगचा क्रम, एक, तीन, चार, दोन.

मिस्त्रीशी माझा एक वाद झाला. मागच्या धुऱ्यात तू शर्यतीसाठी बसवलेला आखूड गिअर अजून तसाच आहे. तो म्हणतो, मावशी, हा बदलू. चढाला ठीक आहे, पण मोठ्या रस्त्यावर नेलीत तर इंजिन तासभरात किंचाळायला लागेल, लांबचा पल्ला या गाडीला झेपणारच नाही. मी म्हटलं, राहू दे तो, लांब जायचंय कोणाला? तो माझ्याकडे बघत राहिला, मी खिडकीकडे.

आणि मग त्याने एक डबा उघडला. जुन्या इंजिनातलं बेअरिंग त्याने जपून ठेवलं होतं. शर्यतीत जो रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला, त्याचंच. कवच पार चाटून गेलेलं, कागदासारखं पातळ. म्हणाला, हे एका दिवसात झालेलं नाही, आठवडाभर तरी ठोकत असणार. मग हळूच म्हणाला, "मावशी, तुमच्या कानांना कळलं नाही?"

मी म्हटलं, म्हातारी झाले.

शिंपीणबाई आता मान खाली घालून सांगेन ते तसंच लिहिताहेत. कात्री लावू का, असंही विचारत नाहीत. म्हणून आज इथेच थांबते.

आजी

२ एप्रिल

भिंगरे,

अक्षर बदललेलं दिसेल. ओळखलं असशीलच, लहानपणी तुझ्या प्रगतिपुस्तकावर याचीच सही असे. आज मी मुद्दाम तुझ्या बापाला बसवलंय. शिंपीणबाईंचं अक्षर सुबक आहे, पण जे लिहायचंय ते याच्या हातून लिहिलं गेलं पाहिजे. याला वाटतंय मी खुशाली कळवणार. वाटू दे.

त्या सकाळी मी फाटकाशीच उभी होते, तिथल्या चिंचोळ्या पडवीत, हातात कपबशी. तू मला पाहिलंस आणि हात केलास, आणि तरी मी तुलाच झोपेचं लिहून पाठवलं. गाडी फाटकातून बाहेर काढताना तू क्षणभर पाय सैल सोडलास, आणि तेव्हा ते आलं. खालून, जाड, दबलेलं. ठक ठक ठक. टॅपेट नव्हतं. तळघरातला माणूस होता. मी ते आधीही आठवडाभर ऐकत होते, आणि मला पक्कं माहीत होतं ते काय आहे.

इथे याने लिहिणं थांबवलं. म्हणाला, "आई, हे मी लिहिणार नाही."

मी म्हटलं, "मग कोण लिहिणार? मला येतं का?"

लिहितोय.

मी गप्प का बसले तेही लिहून टाक म्हटलं याला. ती शर्यत जिंकली तर तुला त्या लांबच्या वर्कशॉपात जागा मिळणार होती. तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांची, तेव्हापासून माझ्या कुशीला. मी हिशेब केला की गाडी पहिल्या चढालाच बंद पडेल, दोर बांधून घरी येईल, तू आठ दिवस फुगून बसशील आणि मग राहशील. बंद पडेल एवढंच मला वाटलं होतं. फुटेल, तेल चाकाखाली येईल, गाडी वळणावर दगडी कठड्याला घासेल आणि तुझं मनगट मोडेल, असं वाटलं नव्हतं. वाटायला हवं होतं. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बसलेल्या बाईला वाटायला हवं होतं.

तुझ्या गुडघ्यावर मी हात ठेवला नाही, भिंगरे.

आणि दुसऱ्यांदाही गप्प बसले. तू हाताला प्लास्टर घालून आलीस, हा दारात उभा राहून म्हणाला, तुझ्या हातात लोखंडसुद्धा टिकत नाही. इंजिन तूच बेफाम फिरवून फोडलंस, असं सगळ्या गल्लीने धरलं. मी आत भांडी पुसत होते. तेच ताट कितीदा पुसलं कोण जाणे. चार दिवसांनी तू बॅग उचललीस, आणि शर्यत न जिंकताही तीच जागा मिळवलीस.

इथे हा उठून बाहेर गेला. बराच वेळ अंगणात यांच्या शेजारी, त्या सीटच्या उरलेल्या अर्ध्या जागेवर बसला. ते एका माणसाची जागा करून देतात, विचारत नाहीत कोण. मग हा आत आला, तोंड धुतलं, आणि म्हणाला, सांग पुढे. मी म्हटलं, तू बाहेर गेलास तेही लिही. लिहिलंय.

पुढे एवढंच, की मी आताही तेच करत होते. तळ्यापर्यंतची गाडी, आखूड गिअर, लांब जाऊच शकणार नाही असं इंजिन. यांच्यासाठी म्हणत होते. खरं म्हणजे परत आलीस तर पुन्हा जाता येऊ नये, अशी गाडी मी बांधून घेत होते. मिस्त्रीला ते माझ्याआधी कळलं.

काल जाऊन त्याला म्हटलं, थांब. काहीच बसवू नकोस. त्याने विचारलं, मग आता गाडी कशासाठी? मी म्हटलं, तिच्यापर्यंत जायला. पण ती "या" म्हणाली तर. नको म्हणाली तर तुझं तळ्याचं इंजिन बसव, आम्ही दोघं म्हातारी तेवढ्यात फिरू.

तेव्हा इंजिन स्टँडवर तसंच उघडं आहे, वर फडकं टाकलंय. तुझ्या उत्तराला लागेल तेवढा वेळ लागू दे. शिव्या द्यायच्या असतील तर सविस्तर दे, मला वाचून दाखवणारा आता घरचाच आहे.

खाली हा स्वतःचं काही लिहिणार म्हणतो. ते मला वाचून दाखवणार नाही म्हणतो. दोन ओळी आहेत, मी मोजल्या.

आजी

११ जून

भिंगरे,

नऊ आठवडे. पोस्टमन आम्हाला टाळून पलीकडच्या फुटपाथने जायला लागला होता. मग एकदम लाकडी पेटी आली, आणि तिच्यात तेलकट कागदात गुंडाळलेला कॅमशाफ्ट आणि तुझं पत्र.

पत्र तुझ्या बापाने वाचलं. सुरुवातीला 'आजी' आहे हे त्याने आधीच सांगितलं, बोट ठेवून दाखवलंसुद्धा. कसं दिसतं ते आता मला ठाऊक झालं, दोनच अक्षरं आहेत.

त्याखालची दोन वाक्यं मी त्याला चार वेळा वाचायला लावली. "ठोका मीही ऐकला होता, आजी. तू फाटकाशी होतीस आणि काही बोलली नाहीस, म्हणून मला वाटलं माझाच भास, आणि मी निघाले."

 तू ते लिहिलंस आणि पुढच्याच ओळीला "या" असं लिहून गिअरचं गणित मांडलंस, तुझा तो स्वभाव माझ्याकडून आलेला नाही, तुझ्या आजोबांकडून आलाय.

मिस्त्री तुझा कागद वाचून खूश आहे. मागे लांब पल्ल्याचा गिअर बसला. रेडिएटर जाड जाळीचा. पाइप थोडा रुंद. दिवसभर एकाच चालीने जायचं तर मधल्या फेऱ्यांत जोर हवा, ना शर्यतीसारखा वर, ना तळ्यासारखा अगदी खाली, म्हणून तू तुझ्या हाताने घासून घेतलेला हा कॅम. मी त्याच्या उंचवट्यांवरून अंगठा फिरवला. गुळगुळीत, आणि चढ-उतार इतके सावकाश की कुठे सुरू झाला ते बोटाला कळत नाही.

काल दुपारी सुरू केलं. आधी नुसता धूर, मग एक उसासा, मग ते लागलं. गाडीच्या आजूबाजूचं सगळं जरा मऊ झाल्यासारखं वाटलं, भिंत, कुंड्या, मांजर. यांनी बॉनेटवर गाल टेकला आणि डोळे मिटून तसेच राहिले. उठवायला गेले तर हाताने मला दूर सारलं, मी कोणी मोठ्या माणसांच्या बोलण्यात मधे येणारं पोर असल्यासारखं.

मी कान दिला. मिस्त्री बघत होता, तुझा बाप बघत होता. या वेळी जे ऐकलं ते लागलीच बोलले. मागून दुसरं टॅपेट सैल आहे. मिस्त्री म्हणाला, मी स्वतः लावलंय मावशी, शक्यच नाही. मग फट मोजायची पत्ती घालून पाहिली आणि पाना काढून ते आवळायला लागला.

येत्या पंचवीस तारखेला निघतो. वाटेत एक मुक्काम. चालवणार तुझा बाप, मी पुढे बसणार. याला ऐकू उत्तम येतं, ऐकायचं मात्र आता शिकतोय, काल सरावाला बाहेर काढली तेव्हा दोनदा माझं मुकाट्याने मानलं. तुझ्या दारात उतरल्यावर हा काय बोलेल ते मी विचारलेलं नाही. आठवडाभर आरशासमोर दाढी करताना पुटपुटतोय, तेव्हा काहीतरी तयारी चालू आहे.

त्याआधी वाटेसाठी एक पार्सल पाठव. आजोबांना जर्दाळू, मऊ बघून आणि बिया काढून, कारण तोंडात काही नसलं की ते दर मैलाला उतरायला बघतात. बापाला खारे काजू, पण एकच पाकीट, दोन दिलीस तर गाडी कडेला लावून खात बसेल. माझ्यासाठी विकतचं काही नको. तू स्वतः केलेलं काहीतरी पाठव, करपलेलं असलं तरी चालेल, आणि ते कसं झालंय हे मी आल्या आल्या तुझ्या तोंडावर सांगेन.

आजी